रोजची गोळी आणि रोजची भाकरी

नांदेड असो वा लातूर असो, औषधांच्या दुकानांत जीवनसत्त्वें, कॅल्शियम, लोह, जस्त आणि प्रथिनांची भुकटी यांच्या बाटल्या ओळीनें मांडलेल्या दिसतात. सकाळीं चहानंतर एक गोळी घेणें हा कित्येक सुशिक्षित घरांत नित्यक्रम होऊन बसला आहे. परीक्षेच्या अभ्यासासाठीं लातुरांत खोली घेऊन राहणाऱ्या मुलाच्या सामानांतहि आई तशी बाटली मायेनें ठेवते. ‘गुण आला तर बरेंच, अपाय तर कांहीं नाहीं’ अशी यामागची समजूत असते. या समजुतीचे दोन्ही भाग तपासून पाहण्याजोगे आहेत.

जीवनसत्त्वांचा गुण मुळींच खोटा नाहीं. त्याचा दाखला ज्वारीच्याच मुलखांत सांपडतो. दख्खनच्या पठारावर ज्वारी हेंच ज्यांचें बहुतेक सारें अन्न होतें, अशा गरिबांत पेलाग्रा नांवाचा रोग आढळत असे. या रोगांत उन्हांत उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलते, जुलाब लागतात, आणि रोग बळावल्यास बुद्धिभ्रंशहि होतो. नायासिन हें ब-गटांतील जीवनसत्त्व दिलें कीं रोगी सुधारूं लागतो. कुन्नूर येथील पोषण-संशोधनाची संस्था १९५८ सालीं हैद्राबादला आली. तेथील डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनीं १९६० सालीं असें मांडलें कीं, ज्वारींतील ल्युसीन या घटकाच्या आधिक्यामुळें शरीरांत नायासिन तयार होण्याच्या क्रियेंत बिघाड होतो. या उपपत्तीविषयीं पुढें मतभेद झाले. परंतु डाळ, भाजी व दूध यांच्या जोडीनें खाल्लेली तीच ज्वारी निर्धोक असते, याविषयीं वाद नाहीं.

यावरून एक नियम निघतो. जेथें उणीव आहे, तेथें गोळी तारक ठरते. जेथें उणीव नाहीं, तेथें ती बहुधा निरुपयोगी ठरते. अमेरिकेंत २५,८७१ प्रौढ स्त्रीपुरुषांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ सालीं प्रसिद्ध झाले. ड जीवनसत्त्वाचीं २००० एककें रोज पांच वर्षें घेऊनहि कर्करोगाचें वा हृदयविकाराचें प्रमाण घटलें नाहीं. या मंडळींची निवड उणीव पाहून केलेली नव्हती, हें येथें ध्यानांत घ्यावें.

आतां ‘अपाय नाहीं’ या समजुतीकडे वळूं. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवरील प्रयोगाचा निकाल १९९४ सालीं लागला. गाजराला रंग देणारें बीटा-कॅरोटीन गोळीच्या रूपानें रोज घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजीं १८ टक्क्यांनीं अधिक आढळला. अ आणि ड हीं जीवनसत्त्वें चरबींत विरघळणारीं असल्यामुळें शरीरांत सांचत जातात. ड जीवनसत्त्वाची ६०,००० एककांची पुडी आठवड्यांतून एकदां म्हणून सांगितलेली असतां कोणी ती रोज घेऊं लागला, तर रक्तांतील कॅल्शियम वाढून मळमळ, अतितहान आणि मूत्रपिंडांचा विकार ओढवूं शकतो. जस्ताचा अतिरेक दीर्घकाळ चालल्यास शरीरांतील तांबें घटतें. शिवाय २०१६ च्या नियमांप्रमाणें हीं पूरकें कायद्यानें अन्नांत मोडतात. औषधी उपयोगासाठीं नव्हेत, असें वेष्टनावर छापावें लागतें. गिऱ्हाईक मात्र त्यांना औषध समजूनच विकत घेतें.

याचा अर्थ सर्वच गोळ्या फेकून द्याव्यात असा नव्हे. गर्भवतीला ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल यांची गोळी १८० दिवस द्यावी, असें ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या २०१८ सालच्या योजनेंत ठरलेलें आहे, आणि सरकारी दवाखान्यांत ती विनामूल्य मिळते. गर्भधारणेपूर्वीं व आरंभींच्या आठवड्यांत घेतलेलें फॉलिक आम्ल बाळाच्या मज्जारज्जूचे जन्मजात दोष पुष्कळ अंशीं टाळतें, हें ब्रिटिश वैद्यकीय संशोधन मंडळाच्या प्रयोगानें १९९१ सालीं सिद्ध केलें. शुद्ध शाकाहारी वृद्धांना ब-१२ ची उणीव संभवते. ज्या घरांत धडधाकट पुरुष महागडी बाटली नेमानें रिती करतो आणि गर्भवती सून मात्र मळमळीच्या भीतीनें लोहाची फुकट गोळी टाळते, त्या घरानें आपला हिशेब उलटा मांडला आहे, असेंच म्हणावें लागेल.

उरलेल्यांची गरज बहुतांशीं ताट भागवतें. परभणीच्या कृषि विद्यापीठानें हैद्राबादजवळील इक्रिसॅट संस्थेच्या सहकार्यानें अधिक लोह व जस्त असलेलें ‘परभणी शक्ती’ हें ज्वारीचें वाण २०१८ सालीं प्रसारित केलें, तें याच दृष्टीनें. ज्वारीची भाकरी, तुरीचें वरण, अंबाडी वा शेवग्याची भाजी आणि ताक हें मराठवाड्याचें जुनें जेवण आजहि हलकें लेखण्यासारखें नाहीं. त्याउपर गोळी घ्यावयाची झाल्यास डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत: उणीव कोणती, मात्रा किती, आणि थांबावयाचें केव्हां? यांचीं उत्तरें मिळेपर्यंत बाटलीचें झांकण न उघडणें हेंच हिताचें.