दोरी ओढून हात दुखले, तरी इंजिन सुरू होईना? विडर, फवारणी पंपाचा बिघाड असा ओळखा

शिरूर, दौंड : आडसाली उसाची लागण होऊन महिना-दीड महिना झाला की सऱ्यांमध्ये पॉवर विडर उतरतात. कांद्यावर करपा किंवा फुलकिडे दिसले की पाठीवरचे पेट्रोल पंप बाहेर निघतात. आणि नेमके त्याच सकाळी इंजिन सुरू होत नाही. दोरी वीस वेळा ओढून होते, चोक लावून-काढून होतो, प्लग फुंकून परत बसवला जातो. शेवटी यंत्र पिकअपमध्ये टाकून शिरूर, न्हावरे, केडगाव किंवा चौफुल्याचे गॅरेज गाठावे लागते. तिथे आधीच रांग. मेकॅनिकला हंगामात वेळ नसतो आणि पावसाची उघडीप कोणासाठी थांबत नाही. फवारणी दोन दिवस पुढे गेली की करपा पातीवरून पुढे सरकलेला असतो.

गॅरेजात येणाऱ्या यातल्या बऱ्याच इंजिनांचा एकही भाग तुटलेला नसतो. कुठे जेटमध्ये चिकट मळ असतो, कुठे टाकीच्या झाकणाचे भोक चिखलाने बुजलेले असते, कुठे ऑइल एक कप कमी असते. हे घरी, बांधावर, एका प्लग पान्याच्या मदतीने तपासता येते. कसे, ते पाहू.

गावागावात इंजिने वाढली कशी?

एकेकाळी शेतातले छोटे इंजिन म्हणजे पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचा पाण्याचा पंप. रेशनचे रॉकेल संपले तसे ते मागे पडले. आता खुरपणीला मजूर मिळत नाहीत, म्हणून विडर आला. महाडीबीटी पोर्टलवर यांत्रिकीकरणाच्या अनुदानासाठी अर्ज करता येऊ लागले, तेव्हा त्याची संख्या आणखी वाढली. शेतीची थ्री-फेज वीज पाळीपाळीने येते. शिरूरच्या ऊसपट्ट्यात बिबट्याच्या भीतीने रात्री दारे धरायला कोणी धजावत नाही. मग दिवसा ओढ्यातून पाणी उचलायला पेट्रोल पंप, दुकानात छोटा जनरेटर, बांधावर ग्रास कटर. एका घरात तीन-तीन इंजिने सहज सापडतात.

ही यंत्रे वर्षातून काही आठवडे चालतात आणि उरलेले महिने गोठ्याच्या कोपऱ्यात उभी असतात, टाकीत अर्धे पेट्रोल तसेच ठेवून. बहुतेक दुखण्यांचे मूळ तिथेच आहे.

तीन प्रश्न, याच क्रमाने

निकोलाउस ऑटोने १८७६ मध्ये चार स्ट्रोकचे इंजिन चालवून दाखवले. तेव्हापासून पेट्रोल इंजिनाच्या गरजा त्याच आहेत : योग्य वेळी ठिणगी, हवेत नीट मिसळलेले पेट्रोल आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब. इंजिनीअरिंगला असताना या सायकलचा आलेख आम्ही परीक्षेत पाठ करून काढायचो. गॅरेजमध्ये तोच आलेख ‘करंट येतोय का, पेट्रोल येतंय का, कॉम्प्रेशन आहे का’ या तीन प्रश्नांत संपतो.

पण त्याआधी साध्या गोष्टी बघा. स्विच चालू आहे का? पेट्रोलचा कॉक उघडा आहे का? अनेक विडरच्या हँडलवर सेफ्टी लिव्हर असते, ते दाबल्याशिवाय ठिणगीच पडत नाही. आणि ऑइल. होंडाच्या जीएक्स मालिकेत आणि त्याच धर्तीच्या बऱ्याच इंजिनांत ऑइल कमी झाले की सेन्सर करंट तोडतो. यंत्र बांधाच्या उतारावर तिरके उभे असेल, तर ऑइल पुरेसे असूनही तसेच होऊ शकते. म्हणून आधी सपाट जागा, मग ऑइलची पट्टी.

आता प्लग काढा. तो बरेच काही सांगतो. टोक खारीसारखे तांबूस असेल तर इंजिन ठीक जळते आहे. कोरड्या काजळीने काळे असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. बहुधा फिल्टर बुजला आहे. तेलकट काळे असेल तर ऑइल वर येते आहे. पांढरेफटक असेल तर पेट्रोल कमी पडून इंजिन तापते आहे. वीस वेळा दोरी ओढूनही प्लग कोरडा ठणठणीत असेल, तर पेट्रोल आत पोहोचतच नाही. ठिणगी तपासत बसू नका, कार्बोरेटरकडे वळा. प्लग पेट्रोलने ओलाचिंब असेल, तर एक तर ठिणगी नाही किंवा चोक लावून इतकी ओढाओढ झाली की इंजिन ‘ओव्हर’ झाले. अशा वेळी कॉक बंद, स्विच बंद, चोक काढलेला आणि प्लग बाहेर ठेवून पाच-सहा वेळा दोरी ओढा. आतले पेट्रोल त्या भोकातून उडते, म्हणून तोंड बाजूला ठेवा. प्लग पुसून, वाळवून बसवा.

ठिणगी पाहण्यासाठी प्लग त्याच्या कॅपमध्ये घालून त्याचा लोखंडी भाग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवायचा आणि दोरी ओढायची. हे प्लगच्या भोकापासून लांब, सांडलेले पेट्रोल पुसून, पकडीच्या रबरी मुठीने धरून करा. निळसर, टकटक आवाजाची ठिणगी चांगली. पिवळी, मरतुकडी ठिणगी उघड्यावर दिसते, पण सिलिंडरच्या दाबात विझते. बहुतेक चार स्ट्रोक इंजिनांत प्लगची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते. ठिणगी अजिबात नसेल तर आधी नवा प्लग, मग स्विचची वायर. गोठ्यात ठेवलेल्या यंत्राची वायर उंदराने कुरतडणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. कॉइल त्यानंतर.

चोक लावला तरच चालते?

सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. चोक लावला की इंजिन सुरू होते, काढला की मरते. किंवा चालते, पण आवाज सारखा वर-खाली होतो. चोक हवा अडवतो, त्यामुळे पेट्रोलचे प्रमाण वाढते. म्हणजे चोकवर चालणारे इंजिन सांगते आहे की त्याला नेहमीच्या वाटेने पेट्रोल पुरत नाही. कारण बहुतेक वेळा जेट. महिनोन् महिने उभ्या पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि उरतो तो वार्निशसारखा चिकट थर. जेटचे भोक सुईच्या टोकाएवढे, ते बुजायला फार काही लागत नाही.

कार्बोरेटरखालच्या वाटीचा बोल्ट सोडून वाटी काढा, जेट काढून कार्ब क्लीनरने धुवा आणि उजेडात धरून बघा. आरपार गोल उजेड दिसला पाहिजे. तार घालून भोक कोरू नका. माप किंचित वाढले तरी इंजिन कायमचे जास्त पेट्रोल पिते. जेट साफ असूनही तेच होत असेल, तर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधले पॅकिंग फाटून तिथून हवा ओढली जाते का, हे बघायचे.

याच्या उलट, फिल्टर काढला की इंजिन मस्त चालते, असा अनुभव असेल तर दोष फिल्टरचा. पण मग कित्येक जण फिल्टर फेकूनच देतात. आमच्या मते या भागात यंत्राशी यापेक्षा मोठे वैर नाही. सरीतली धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा घासून टाकते. फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवून, वाळवून, इंजिन ऑइलचे चार थेंब लावून पिळून बसवावा. कागदी फिल्टर धुवायचा नसतो. झटकून साफ होत नसेल तर नवा घ्यायचा.

आणखी एक फसवे दुखणे आहे. इंजिन दहा-पंधरा मिनिटे छान चालते, मग बंद पडते आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा सुरू होते. याची दोन कारणे सारखीच दिसतात. टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक बुजले की आत पोकळी तयार होऊन पेट्रोल उतरत नाही. कॉइल खराब असेल तर ती तापल्यावर ठिणगी देणे सोडते. फरक ओळखण्यासाठी इंजिन बंद पडताक्षणी झाकण सैल करून दोरी ओढा. सुरू झाले तर झाकण दोषी. नाहीतर लगेच, गरम असतानाच ठिणगी तपासा. थंड झाल्यावर गॅरेजात नेलेले इंजिन मेकॅनिकसमोर शहाण्यासारखे चालते, म्हणून ही तपासणी शेतातच व्हायला हवी.

इथेनॉलमुळे इंजिन बिघडते का?

पाटसचा भीमा, आलेगावची दौंड शुगर, न्हावऱ्याचा घोडगंगा या कारखान्यांच्या परिसरातल्या वाचकाला इथेनॉल म्हणजे काय ते सांगायला नको. देशात २०१३-१४ मध्ये पेट्रोलमध्ये सरासरी दीड टक्का इथेनॉल असायचे. २० टक्क्यांचे उद्दिष्ट आधी २०३० चे होते, ते अलीकडे ओढले गेले आणि २०२५ पासून पंपांवर ‘ई-२०’ हेच सर्वसाधारण पेट्रोल झाले. उसातले थोडेसे उसाच्याच सरीत परत येते, असे म्हणायला हरकत नाही.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलोच. नव्या गाडीत सेन्सर हा फरक सांभाळतो. विडरच्या कार्बोरेटरला सेन्सर नाही. जेटचे भोक एकाच मापाचे. त्यामुळे ई-२० वर मिश्रणात पेट्रोल किंचित कमी पडते. थंड इंजिनाला चोक जास्त वेळ लागतो, अर्धवट बुजलेला जेट लवकर त्रास देऊ लागतो. जुन्या यंत्रांच्या अनेक पुस्तिकांत १० टक्के इथेनॉलची मर्यादा दिलेली आहे, ती एकदा वाचून बघा. जुने रबरी पाइप आणि छोट्या कार्बोरेटरमधले पडदे कडक होतात किंवा फुगतात.

मात्र प्रत्येक बिघाड इथेनॉलच्या नावावर टाकणे सोपे आहे, खरे नाही. इथेनॉल नसलेले पेट्रोलही ठेवून खराब होतेच. इथेनॉलची खरी अडचण पाण्याची आहे. ते पाणी ओढून घेते. मर्यादेपर्यंत ते पाणी विरघळून इंजिनातून निघूनही जाते. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. कार्बोरेटरला पेट्रोल जाते ते तळातूनच. संशय असेल तर वाटीतले पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत काढून काही वेळ स्थिर ठेवा. दोन थरांमधली रेघ स्पष्ट दिसली तर सगळी टाकी रिकामी करण्याशिवाय पर्याय नाही.

धूर आणि दोरी काय सांगतात

काळा धूर म्हणजे हवा कमी. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पण विडर पिकअपमध्ये आडवा टाकून आणला असेल तर निळसर-पांढरा धूर बघून घाबरू नका. ऑइल सिलिंडरमध्ये शिरलेले असते, ते जळून संपले की धूर थांबतो. अशा वेळी दोरी अजिबात हलत नसेल तर जोर लावू नका. प्लग काढा, मग ओढा. ऑइल किंवा पेट्रोल बाहेर आले आणि दोरी मोकळी झाली, तर वाचलात. प्लग काढूनही हलत नसेल तर इंजिन जाम आहे, ते मेकॅनिकचेच काम.

ऑइलची पातळी वाढलेली दिसते आणि पेट्रोलचा वास येतो? कार्बोरेटरची फ्लोट पिन गळते आहे आणि कॉक उघडा राहिला आहे. पेट्रोलने पातळ झालेल्या त्या ऑइलवर इंजिन एक मिनिटही चालवू नये.

दोरी नेहमीपेक्षा फार हलकी वाटते, मधे कुठे अडतच नाही, तर दाब गेला. व्हॉल्व्हची फट संपली असेल, पॅकिंग उडाले असेल किंवा रिंगा गेल्या असतील. जीएक्स१६० सारख्या इंजिनात थंड असताना इनलेटची फट ०.१५ आणि एक्झॉस्टची ०.२० मिलिमीटर ठेवतात. फीलर गेज आणि हात बसलेला असेल तर घरी, नाहीतर गॅरेज.

पाठीवरचे अनेक पंप आणि ग्रास कटर टू-स्ट्रोक असतात; त्यांना ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. पुस्तिकेत १:५० असेल तर लिटरला २० मिलिलिटर, १:२५ असेल तर ४० मिलिलिटर. अंदाजाने ओतू नका. कमी पडले तर पिस्टन चिकटतो, जास्त झाले तर प्लग आणि सायलेन्सर काजळीने भरतो.

विहिरीत इंजिन उतरवू नका

उन्हाळ्यात पाणी खाली गेले की पंप पाणी ओढत नाही, आणि दोष इंजिनावर जातो. हवेच्या दाबाने पाणी तत्त्वतः दहा मीटरच्या आसपासच चढते. प्रत्यक्षात सात-आठ मीटरच्या पुढे कोणताही पंप पाणी ओढत नाही. मग काही जण पंपच विहिरीत उतरवतात. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नाही. विहिरीत तो साठतो आणि खाली उतरलेला माणूस हाक मारायच्या आत बेशुद्ध होतो. त्याला काढायला उतरणाराही तसाच पडतो. हेच बंद खोलीत किंवा शटर ओढलेल्या दुकानात चालवलेल्या जनरेटरचे. पेट्रोल इंजिन उघड्यावरच चालवायचे. खोल पाण्यासाठी विजेची पाणबुडी मोटार आहे.

काम संपल्यावर

महिन्यापेक्षा जास्त काळ यंत्र उभे राहणार असेल तर टाकी रिकामी करा, ते पेट्रोल मोटारसायकलमध्ये वापरा. टू-स्ट्रोकचे ऑइलमिश्रित पेट्रोल मात्र त्यात घालू नका. मग इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या आणि वाटीचा बोल्ट सोडून उरलेले थेंब काढा. चार स्ट्रोक इंजिनाचे ऑइल नव्या यंत्रात पहिल्या २० तासांनी आणि पुढे १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलावे, असे बहुतेक पुस्तिका सांगतात. धुळीत चालत असेल तर त्याआधीच.

शेवटी प्लग काढून भोकात चमचाभर इंजिन ऑइल टाका, दोन-तीन वेळा दोरी ओढा, प्लग बसवा. मग दोरी हळू ओढत जा आणि जिथे ती घट्ट लागेल तिथे सोडा. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, पावसाळ्याची दमट हवा आत शिरत नाही.