ठोका पडतो कधी, ऐकू येतो कधी

लग्नसराईत श्रीगोंद्याच्या एखाद्या गल्लीत संध्याकाळी उभं राहिलं, की नवरदेवाच्या आधी बँजो पार्टीचा टेम्पो दिसतो. पुढे स्पीकरची भिंत आणि तिच्यामागे हौद्यात दाटीवाटीनं बसलेले वादक. कुणी बँजोवर, कुणी कीबोर्डवर, कुणी कच्छी ढोलावर. ऑक्टापॅडसमोर बहुधा सगळ्यांत तरुण पोरगा असतो. घरी मोबाइलवर गाणी लावून त्यानं महिनोन्‌महिने हात घोटलेला असतो. पहिल्याच वरातीत मात्र तिसऱ्या गाण्यापर्यंत लय पळू लागते, नाहीतर ओढल्यासारखी होते. कीबोर्डवाला वळून वळून बघतो आणि रात्री जेवणाच्या पंगतीत निकाल लागतो, की पोराला ताल नाही.

बऱ्याचदा हा निकाल त्या पोरावर अन्याय करणारा असतो. आपण कधी काय वाजवलं, हे कळायला जे ऐकू यावं लागतं, तेच त्याला धड ऐकू येत नसतं.

ढोलकीवाल्याचं तसं होत नाही. पुडीवर बोट पडलं, की आवाज अर्ध्या मीटरवरच्या कानाला दीड मिलिसेकंदात पोचतो. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. शिवाय थापेचा कंप बोटांना आणि कमरेला बांधलेल्या खोडातून पोटालाही कळतो. ऑक्टापॅडचा मामला वेगळा आहे. जपानच्या रोलंड कंपनीनं हे वाद्य १९८५ साली बाजारात आणलं आणि आठ रबरी चौकोनांत सगळा ताल सामावला. त्याच्या रबरावर काठी पडली, की हाताशी येते फक्त कोरडी ‘टप’. खरा आवाज वायरीतून मिक्सरला, तिथून अॅम्प्लिफायरला आणि मग स्पीकरला जातो. त्या स्पीकरचं तोंड वऱ्हाडाकडे आणि पाठ वादकाकडे.

इथे ध्वनीचा एक गुण आडवा येतो. १०० हर्ट्‌झच्या खर्ज ध्वनीची लहर सुमारे साडेतीन मीटर लांब असते, त्यामुळे ती स्पीकरच्या खोक्याला वळसा घालून मागेही पसरते. ५००० हर्ट्‌झची लहर जेमतेम सात सेंटिमीटरची. ती टॉर्चच्या झोतासारखी समोरच जाते. म्हणून टेम्पोच्या हौद्यात ‘धम्म’ भरपूर घुमतो, पण ठोक्याची धार दाखवणारी ‘टक्’ पुढे निघून जाते. ती परत येते समोरच्या भिंतीवर आपटून. भिंत साडेआठ मीटरवर असेल, तर जाऊन यायला ५० मिलिसेकंद लागतात. मूळ आवाज स्पष्ट असेल, तर त्यामागोमाग ३०-४० मिलिसेकंदांत आलेला पडसाद कान त्याच्यातच मिसळून घेतो. जर्मनीच्या हेल्मुट हास यांनी हे १९४९ च्या आपल्या प्रबंधात मोजून दाखवलं होतं. इथे मूळ आवाजच पुसट असतो आणि पडसाद मात्र ठळक. कानानं पकडायचं कुणाला?

हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. आवाजाला एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. मे महिन्याच्या तापलेल्या दुपारी तो सेकंदाला ३५५ मीटर धावतो, थंडीच्या रात्री ३४० च्याही खाली येतो, पण एवढ्या फरकानं वादकाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते अंतरानं.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस चेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं. दोघादोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून त्यांनी एकमेकांत गुंफलेल्या टाळ्या वाजवायला सांगितल्या. एकाची टाळी दुसऱ्याला हेडफोनमधूनच ऐकू येई आणि तिला किती उशीर करायचा, हे प्रयोग करणाऱ्यांच्या हातात होतं. २००४ साली मांडलेला निष्कर्ष असा, की उशीर ११-१२ मिलिसेकंदांच्या आसपास असेल तर लय टिकते. त्याहून वाढला की जोडी मंदावत जाते, कारण प्रत्येक जण दुसऱ्यासाठी कणभर थांबतो आणि ती थांबणी साचत जाते. गंमत अशी, की उशीर त्याहून अगदी कमी असेल तर लय थोडी चढते.

११-१२ मिलिसेकंद म्हणजे सुमारे चार मीटरचं अंतर. तमाशाचा फड डोळ्यांसमोर आणावा. ढोलकीवाला, हलगीवाला, झांजवाला आणि तुणतुणेवाला सगळे हाताच्या अंतरावर उभे असतात, आणि हलगी-ढोलकीची जुगलबंदी रंगली की दोघे समोरासमोर येऊन आणखी जवळ सरकतात. संत शेख महंमद महाराजांच्या श्रीगोंद्याला कीर्तनही नवं नाही. तिथेही पखवाज कीर्तनकाराच्या बाजूलाच असतो. मागे अर्धवर्तुळात उभ्या टाळकऱ्यांना तो दिसतो, कीर्तनकाराचे हात दिसतात आणि पायांची लयही दिसते. या रचना कुणी फूटपट्टी लावून ठरवल्या नव्हत्या. पिढ्यान्‌पिढ्या ऐकणाऱ्या कानांनी त्या घडवल्या आणि मोजमापानं त्यांचं शहाणपण आता कळतं आहे.

मोठ्या ढोल-ताशा पथकात ही जवळीक शक्यच नसते. पहिल्या आणि शेवटच्या ढोलात ३४ मीटर अंतर पडलं, तर शेवटच्याला पुढचा ताशा १०० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची असते, म्हणजे पाचवा हिस्सा गेलाच. अशा वेळी कानापेक्षा डोळा भरवशाचा, कारण उजेडाला हे अंतर काहीच नाही. पुढच्याचा टिपरू वर गेलेला दिसला, की मागच्याचा हात बरोबर उठतो.

आता पोराची लय कधी ओढली का जाते आणि कधी पळते का, हे कळू शकतं. लयीवर ठोका देताना माणूस आवाज येण्याची वाट बघतच नाही. त्याला पुढच्या ठोक्याचा अंदाज असतो. मेट्रोनोमबरोबर, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिकणाऱ्या यंत्राबरोबर, बोट आपटायला सांगितलं, तर बहुतेकांचं बोट टिकटिकीच्या काही मिलिसेकंद आधीच पडतं, आणि वादकांच्या बाबतीत हा फरक कमी असतो. स्वतःच्या ठोक्याचा आवाज मुद्दाम उशिरा ऐकवला, तर माणूस नकळत आणखी आधी ठोका देतो, असंही प्रयोगांत दिसलं आहे. त्यात पहिल्या वरातीची धडधड, समोर नाचणारे मित्र आणि टेम्पोचा हादरा यांची भर पडते. एकीकडे उत्साह पुढे ढकलतो, दुसरीकडे कीबोर्डची वाट बघणारा कान मागे ओढतो. काही पोरं यावर उपाय म्हणून ब्लूटूथचे इअरफोन कानात घालतात. ते तर बिलकूल नको, कारण त्यांत शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो. साधा वायरवाला इअरफोन इथे कितीतरी सरस.

खरा उपाय म्हणजे मॉनिटर, वादकाकडे तोंड केलेला छोटा स्पीकर. तो हातभर अंतरावर कमरेच्या उंचीला ठेवला, की ठोक्याची ‘टक्’ काही मिलिसेकंदांतच कानाला मिळते. त्यात काय सोडायचं, यावर सगळं अवलंबून आहे. नवखा सांगतो, ‘सगळं द्या.’ मुरलेला ऑक्टापॅडवाला स्वतःचा ठोका मागतो, सूर धरणारं एक वाद्य मागतो आणि गायक असेल तर त्याचा आवाज. बाकीचं आपोआप पोचतंच. मॉनिटरमध्ये गर्दी झाली, की एक आवाज दुसऱ्याला झाकतो आणि प्रत्येक जण आपला आवाज वाढवायला सांगत राहतो.

या चढाओढीची किंमत कान मोजतात, आणि याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेच्या मापानं ८५ डेसिबल आवाजात आठ तास काढता येतात, पण दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. वरात तासन्‌तास चालते आणि हंगामात अशा कितीतरी वराती होतात. रात्री घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, तर ती थकव्याची खूण समजून झोपून जाऊ नये. विशीतल्या पोराचे कान हेच त्याचं सगळं भांडवल असतं.

पोराच्या चुकांकडेही थोडं मायेनं बघायला हवं. मायकेल मॅकडोनल्ड यांच्या १९८२ सालच्या एका गाण्यात ड्रमर जेफ पोर्कारो यांनी हायहॅट, म्हणजे ड्रमसेटवरची झांजांची जोडी, वाजवली आहे. २०१५ साली संशोधकांनी तिचा ठोका न्‌ ठोका मोजला. जगातल्या सर्वांत नेटक्या ड्रमरांत गणल्या गेलेल्या या माणसाचे ठोकेही काही मिलिसेकंद मागेपुढे होत होते. मात्र ते सैरावैरा नव्हते. एका ठोक्यातला फरक पुढच्या कितीतरी ठोक्यांशी नातं सांगत होता. त्याआधी २०११ मध्ये होल्गर हेनिग आणि सहकाऱ्यांनी श्रोत्यांना दोन प्रकारचे ठेके ऐकवले होते. एकात फरक मन मानेल तसे पेरलेले, दुसऱ्यात असे नात्यानं बांधलेले. श्रोत्यांना दुसरा अधिक आवडला.

म्हणून सरावात मेट्रोनोम लावला, तरी तो मधूनमधून बंद करावा. चार आवर्तनं टिकटिकीबरोबर, चार तिच्याशिवाय. ती परत सुरू झाली, की आपण कुठे पोचलो ते लगेच कळतं. हातावर टाळी आणि काल धरून मात्रा मोजायला लावणारे तबल्याचे गुरुजी हेच करून घेत आले. आणि वरातीच्या दिवशी टेम्पो सजवताना ऑक्टापॅड कोपऱ्यातून काढून कीबोर्डच्या शेजारी आणावं. म्हणजे कीबोर्डवाल्याची बोटं पोराला दिसतील. मग वरात हलण्याआधी, गल्लीत अजून माणसं जमायची असताना, दोघांनी मिळून एकच ठेका मंद लयीत पाच मिनिटं वाजवून बघावा.