प्रकाशझोतावरून आवाज

ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा केंद्रात, म्हणजे आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, 1964 साली भारतातला पहिला अर्धवाहक लेसर तयार झाला. पुढे त्याच्या झोतावरून ट्रॉम्बे आणि कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्यात संदेशवहन साधले गेले. अंतर पंधरा-वीस किलोमीटरचे. तो लेसर गॅलियम आर्सेनाइडचा होता आणि त्याचा अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसत नसे. आज लाल प्रकाश देणारा अर्धवाहक लेसर शंभर-दीडशे रुपयांच्या पॉइंटरमध्ये मिळतो. त्यामुळे हाच प्रयोग शाळेच्या व्हरांड्यात करता येईल.

तत्त्व

ध्वनी काही प्रकाशावर बसून जात नाही. आवाजाबरहुकूम झोताची तीव्रता कमी-जास्त होते आणि पलीकडे फक्त हा चढउतार ओळखायचा असतो. ग्रॅहम बेल आणि त्यांचे सहकारी टेंटर यांनी 1880 साली वॉशिंग्टनमधल्या एका शाळेच्या गच्चीवरून 213 मीटरवर बोलणे पोहोचवले, तेव्हा त्यांच्याजवळ सूर्यप्रकाश, आवाजाने थरथरणारा आरसा आणि सेलेनियमचा घट एवढेच होते.

पाठवणारी बाजू

साधा लाल लेसर (1 मिलिवॉटपेक्षा कमी शक्तीचा), पेन्सिल सेल तीन (4.5 व्होल्ट), आणि ट्रान्झिस्टर रेडिओत वापरतात तसा 1000 ओहम–8 ओहमचा छोटा ट्रान्सफॉर्मर घ्या. नाशिकमध्ये सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत ही सामग्री मिळते. 1000 ओहमची बाजू सेल आणि लेसर यांच्यामध्ये एकसरीत जोडा. 8 ओहमची बाजू रेडिओच्या इअरफोनच्या जागी लावा.

रेडिओ गप्प असतानाही लेसर पेटलेला राहील. तसे हवेच, कारण ठराविक प्रवाहाखाली लेसरचा लेसरपणाच जातो आणि तो नुसता मिणमिणतो. म्हणून झोत मध्यम तीव्रतेवर ठेवून तो वर-खाली हलवायचा. रेडिओचा आवाज शून्यापासून हळूहळू वाढवा; क्षणभर प्रवाह जास्त झाला तरी लेसर कायमचा निकामी होतो. ज्या पॉइंटरमध्ये तीव्रता स्थिर ठेवणारे मंडल असते, तो येथे चालणार नाही. ते मंडल आपला संदेशच पुसून टाकते!

घेणारी बाजू

बागेतल्या दिव्यातला लहान सौर घट घ्या. त्याच्या दोन टोकांत 1000 ओहमचा रोध जोडा. मग एका तारेत 1 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर घालून दोन्ही तारा एखाद्या ॲम्प्लिफायरला द्या. कॅपॅसिटरमधून स्थिर प्रवाह जात नाही, बदलता जातो. म्हणून दिवसाचा स्थिर उजेड अडतो आणि चढउतार तेवढा स्पीकरपर्यंत पोहोचतो.

लेसर लावण्याआधी हा घट नुसताच जुन्या चोकच्या ट्यूबलाइटसमोर धरा. घूंऽऽ असा आवाज येईल. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तने करते आणि प्रत्येक आवर्तनात दिवा दोनदा उजळतो, म्हणून हा सूर 100 हर्ट्झचा. बॅटरीवरच्या टॉर्चसमोर घट गप्प राहतो. पण टॉर्चपुढून कंगवा फिरवला, तर खर्रऽ असे ऐकू येते. टीव्हीच्या रिमोटचे बटण दाबा, न दिसणारा प्रकाशही 'ऐकू' येईल. डोळ्यांना अखंड वाटणारा उजेड प्रत्यक्षात कसा असतो, हे मुलांना याहून सोप्या रीतीने दाखवणे अवघड आहे.

नेम

खरी कसोटी जोडणीत नाही, नेमात आहे. लेसर 1 अंशाने हलला, तर 100 मीटरवर ठिपका पावणेदोन मीटर सरकतो. म्हणून तो हातात न धरता स्टँडला घट्ट बांधा. शिवाय झोत थोडा पसरतो. दर मीटरला 1 मिलिमीटर धरले, तर 100 मीटरवर ठिपका सुमारे 10 सेंटिमीटरचा होईल. 5 सेंटिमीटर बाजूच्या घटावर त्यातला किती प्रकाश पडेल, हे गणित विद्यार्थ्यांना करू द्या. घटाभोवती काळ्या कागदाची नळी बसवली, की ऊन आणि दिव्यांचा त्रास कमी होतो.

सावधगिरी

लेसरमध्ये कधीही पाहू नये. डोळ्याचे भिंग तो झोत पडद्याच्या एका बिंदूवर आणते आणि इजा कायमची होऊ शकते. स्वस्त पॉइंटरवर छापलेली शक्ती खरी असेलच असे नाही, म्हणून प्रत्येक लेसर घातक समजूनच वागावे. झोत डोळ्यांच्या उंचीवर नसावा, त्याच्या वाटेत आरसा किंवा घड्याळाची काच नसावी, घटामागे काळा पुठ्ठा असावा. हिरवे पॉइंटर टाळावेत. रस्त्यावरील वाहनांवर किंवा ओझरच्या विमानतळाकडे जाणाऱ्या विमानांवर झोत रोखणे ही गंमत नव्हे. त्याने वैमानिकाचे डोळे दिपतात.

पुढे काय?

हिवाळ्यात धुके पडेल त्या सकाळी हाच प्रयोग पुन्हा करा आणि किती अंतरावर आवाज तुटतो ते नोंदवा. धुक्याचे थेंब प्रकाश विखुरतात. हवेतून जाणाऱ्या झोताची ही मोठी अडचण. म्हणूनच दूरध्वनी आणि इंटरनेटचा प्रकाश आज काचेच्या तंतूंतून नेला जातो. तेथेही प्रकाशातला बदल म्हणजेच संदेश, हे तत्त्व व्हरांड्यातल्या प्रयोगासारखेच आहे.