नॅनो तंत्रज्ञानातील करिअर : आधी पाया, मग विशेषीकरण

द्रवरूप नॅनो युरिया २०२१ मध्ये आणि नॅनो डीएपी २०२३ मध्ये शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले. तेव्हापासून 'नॅनो' हा शब्द बांधावर रुळला आहे. आता बारावी विज्ञानाच्या निकालानंतर पालक विस्तार कार्यकर्त्यांना विचारतात, की या क्षेत्रात जायचे असल्यास मुलांनी कोणती पदवी घ्यावी?

एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. साधारणतः १ ते १०० नॅनोमीटर आकारात पदार्थाचे गुणधर्म बदलतात आणि त्या बदलांचा उपयोग करणारे हे तंत्र अनेक विद्याशाखांच्या संगमातून घडते. फळमाशीचे उदाहरण बोलके आहे. नर माश्यांना आकर्षित करणारे मिथाइल युजेनॉल हवेत लवकर उडून जाते. बंगळूरु येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो आणि भारतीय विज्ञान संस्था यांच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या संशोधनात ते नॅनोजेलमध्ये बांधून ठेवण्यात आले व पेरूच्या बागेत तपासले गेले. हे संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. जेलची रचना हा रसायनशास्त्राचा विषय, तर माशीचे वर्तन हा कीटकशास्त्राचा. दोहोंपैकी एकाचाही पाया कच्चा असता, तर हे काम उभे राहिले नसते.

म्हणून पदवीसाठी मूळ विषय निवडणे श्रेयस्कर ठरते. पिके, माती व कीड यांत रुची असल्यास बी.एस्सी. कृषी, पदार्थनिर्मितीत रुची असल्यास रसायनशास्त्र वा भौतिकशास्त्र, उपकरणांत रुची असल्यास अभियांत्रिकी. विशेषीकरण पदव्युत्तर स्तरावर करता येते. कोइंबतूर येथील तमिळनाडू कृषी विद्यापीठात नॅनो विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, तर मोहाली येथे नॅनो विज्ञान व तंत्रज्ञान संस्था कार्यरत आहे.

पदवीच्या नावात केवळ 'नॅनो' असल्याने भुलून जाऊ नये. कृषी संशोधन सेवेच्या परीक्षेसाठी संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी लागते, तर अनेक राज्यांत कृषी अधिकारीपदासाठी कृषी वा संलग्न शाखेची पदवी आवश्यक असते. चुकीच्या निवडीने हे दरवाजे बंद होऊ शकतात आणि कर्ज काढून भरलेले शुल्क कुटुंबाच्या माथी राहते.

प्रवेशापूर्वी चार बाबी तपासाव्यात :
• अभ्यासक्रमास सक्षम संस्थेची मान्यता आहे काय?
• इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासारखी उपकरणे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष हाताळता येतात काय?
• मागील तुकड्यांतील विद्यार्थी आज कोठे काम करीत आहेत?
• ज्या पदाची इच्छा आहे, त्याच्या जाहिरातीत कोणती अर्हता नमूद असते?

नॅनो निविष्ठांच्या परिणामकारकतेबाबत शास्त्रज्ञांत आजही मतभिन्नता आहे. त्यांच्या सुरक्षिततेच्या मूल्यांकनासाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यामुळे नवी उत्पादने घडविणाऱ्यांइतकीच ती निःपक्षपणे तपासणाऱ्यांचीही देशाला गरज आहे. शेताची जाण असलेल्या विद्यार्थ्यांसाठी ही मोठी संधी आहे.