मनसरचा दगड आणि लेसरचा लेप

रामटेकच्या गडापासून पश्चिमेस सुमारें दोन कोसांवर मनसरच्या मँगनीजच्या खाणी आहेत. तेथील काळा दगड पोलाद करण्यास लागतो, हें वाचकांस ठाऊक असेलच. परंतु याच मँगनीजच्या संयुगांचे केसाहून शेंकडों पटींनीं पातळ असे स्फटिकमय लेपहि करितात. १९९४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत लँथॅनम, कॅल्शियम, मँगनीज व प्राणवायु यांच्या संयुगाचा असा लेप झाला. अतिशीत स्थितींत प्रबळ चुंबकाचा प्रभाव पडतांच त्याचा विद्युद्रोध हजार पटींहून अधिक घटला.

आमच्या नात्यांतील एक मुलगी अशाच लेपांवर संशोधन करते. एक संबंध वर्ष तिचे लेप बिघडत राहिले, तेव्हां "आतां पुरे झालें, लग्नाचें पाहूं या," असें घरांतील वडीलधारी मंडळी म्हणूं लागली. त्यांत आम्हीहि होतों, हें कबूल केलें पाहिजे. अखेर आम्हीं तिलाच विचारलें, "बाळ, यांत एवढें अवघड तें काय?"

तिनें सांगितलें तें असें. बंद पात्रांत संयुगाची वडी ठेवून तिच्यावर लेसरचे क्षणिक आघात करितात. वडीचा पृष्ठभाग वाफ होऊन उडतो व समोरच्या तप्त स्फटिकावर बसतो. ही रीति १९८७ पासून अमेरिकेंत डॉ. वेंकटेशन प्रभृतींच्या कार्यामुळें प्रसिद्धीस आली, पुण्याचे डॉ. सतीशचंद्र ओगले यांनींहि तिच्यांत पुष्कळ संशोधन केलें.

लेप उत्तम होण्यास चार गोष्टी साधाव्या लागतात. पहिली, खालच्या स्फटिकांतील अणूंचें अंतर लेपाशीं जुळावें. स्ट्राँशियम टायटॅनेटमध्यें तें शेंकडा एक-दीड भागानेंच निराळें असतें. दुसरी, उष्णता सातशें-आठशें अंश असावी. ती कमी पडल्यास अणूंस आपापलें स्थान गांठतां येत नाहीं. तिसरी, वडी घट्ट व गुळगुळीत असावी आणि आघात बेताचा असावा, नाहीं तर लेपावर थेंब उडतात. चौथी, प्राणवायु पुरेसा मिळावा, लेप निवतांनासुद्धां.

तिचा दोष या चौथ्या गोष्टींत निघाला. प्राणवायु वाढवून लेप सावकाश निवूं देतांच तो सुधारला. पहिल्या तिहींत दोष नाहीं, हें ठरविण्यांतच तें वर्ष गेलें होतें. तें वायां गेलें नव्हतें.

घरांतील विद्यार्थ्यास "पुरे" म्हणण्यापूर्वीं त्यानें आजवर काय काय तपासून बाजूस सारलें, एवढें वडिलांनीं एकदां विचारावें, ही आमची विनंति आहे.