मेंदूपेढीचं मोल

साठीचं धडधाकट माणूस दोन-तीन महिन्यांत घरच्यांची नावं विसरतं, चालताना झोक जातो, हातापायांना झटके येतात. घरचे म्हणतात, वय झालं. पण म्हातारपणाचा विसर इतक्या झपाट्याने वाढत नाही. अशा वेळी डॉक्टरांना शंका येणाऱ्या आजारांपैकी एक म्हणजे क्रॉइट्झफेल्ट-जेकब. वर्षाला दहा लाखांत एखाददुसऱ्यालाच होणारा, पण बहुतेकांना वर्षाच्या आत नेणारा. त्यावर अजून औषध नाही.

यामागे विषाणू नाही, जिवाणूही नाही. मेंदूत मुळातच असलेलं प्रिऑन नावाचं प्रथिन चुकीची घडी घेतं आणि आसपासच्या प्रथिनांनाही तशीच घडी घ्यायला लावतं. पेशी मरत जातात. सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूचा काप स्पंजासारखा भोकाभोकांचा दिसतो. पापुआ न्यू गिनीच्या फोरे लोकांत मृत आप्तांचं मांस खाण्याच्या प्रथेतून पसरलेला कुरू याच जातीचा. तो संसर्गाने पसरतो हे चिंपांझींवर दाखवणाऱ्या कार्लटन गायडुसेक यांना १९७६ साली नोबेल मिळालं. प्रिऑनची कल्पना मांडणारे स्टॅन्ली प्रुसिनर १९९७ साली नोबेलचे मानकरी ठरले.

आपल्याकडे क्रॉइट्झफेल्ट-जेकबचा माग घेतला बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञान संस्थेने. तिथले मेंदूविकृतिशास्त्रज्ञ डॉ. एस. के. शंकर आणि मेंदूरोगतज्ज्ञ डॉ. पी. सतीशचंद्र यांनी भारतातल्या या रुग्णांचा आढावा १९९१ साली प्रसिद्ध केला. एचआयव्हीपासून इतर अनेक संसर्गांत मेंदूचं काय होतं, हेही शंकर यांनी शवविच्छेदनातून अभ्यासलं. १९९५ साली निम्हान्समध्ये त्यांच्या पुढाकाराने मानवी मेंदूपेढी, म्हणजे दान मिळालेले मेंदू अभ्यासासाठी जतन करणारी पेढी, उभी राहिली.

प्रिऑनच्या रुग्णांचे मेंदू हाताळणं जोखमीचं. फॉर्मलिनमध्ये बहुतेक जंतू मरतात, प्रिऑन टिकतो. म्हणून मेंदूचे तुकडे फॉर्मिक आम्लातून काढावे लागतात; हत्यारं तीव्र सोडियम हायड्रॉक्साइडने किंवा १३४ अंशांच्या वाफेने शुद्ध करावी लागतात. घरच्यांनी मात्र घाबरू नये. रुग्णाला जेवू घातल्याने, त्याचा हात धरल्याने हा आजार लागत नाही.

जिवंतपणी तपासण्यांतून बळकट संशय येतो. पक्की खात्री मेंदूच्या पेशीच देतात. त्यासाठी मृत्यूनंतर काही तासांत मेंदू काढावा लागतो आणि निपाणीसारख्या गावाहून बेंगळुरू रात्रभराच्या वाटेवर आहे. त्यामुळे बेळगाव-कोल्हापूरकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांतूनच मेंदू जतन करून पुढे पाठवण्याची सोय सहज मिळायला हवी. नेत्रदानाचा अर्ज आपण भरतो. मेंदूदानाचंही घरात एकदा बोलून ठेवा.