रझाकाराला कलम 14 लागू होतं का?

मराठवाड्यात सगळे सांगतात, 17 सप्टेंबर 1948 ला रझाकारी, म्हणजे हैदराबादच्या निजामाची बाजू घेणाऱ्या सशस्त्र रझाकारांची दहशत, संपली आणि आपल्याला हक्क मिळाले. यातलं निम्मंच खरं आहे. निजामाची सत्ता मोडली, पण कारभार गेला लष्करी गव्हर्नर, मेजर जनरल चौधरी यांच्या हाती. निजामाने 23 नोव्हेंबर 1949 ला फर्मान काढून भारताची राज्यघटना मान्य केली. कोर्टात दाद मागता येईल असे मूलभूत हक्क नांदेड-लातूरच्या माणसाला मिळाले ते 26 जानेवारी 1950 ला. ज्या मुलखात साध्या सभेलाही आधी परवानगी काढावी लागे, तिथे कलम 19 मुळे शांततेने, विनाशस्त्र जमणं हा हक्क झाला. मधले सोळा महिने आपण हिशेबात धरतच नाही.

दुसरा गैरसमज मला जास्त छळतो : हक्क भल्या माणसांचे, आरोपीला कसले हक्क?

कासीम रझवी लातूरला वकिली करायचा. पुढे तो रझाकारांचा म्होरक्या झाला. रझाकारीच्या त्या दिवसांत माझ्या आजीने लेकरं घेऊन कडब्याच्या गंजीत रात्री काढल्या होत्या. त्याचं नाव आमच्या घरात कुणी सहज घेत नसे. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे निजामाची सत्ता मोडणाऱ्या भारतीय लष्कराच्या कारवाईनंतर, तो पकडला गेला आणि बीबीनगर दरोड्याच्या खटल्यात खास न्यायाधिकरणाने त्याला 7 वर्षांची सक्तमजुरी दिली. मग हाच माणूस सर्वोच्च न्यायालयात गेला, कलम 14 घेऊन. इतर आरोपींना खटल्याआधी मिळणारी प्राथमिक चौकशी मला मिळाली नाही, मग कायद्यापुढे समानता कुठे राहिली, असा त्याचा सवाल होता.

1953 मध्ये पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी अपील फेटाळलं. घटना लागू झाल्यानंतरची सुनावणी एकंदरीत नेहमीच्या खटल्यासारखीच झाली, असं त्यांनी तपासून ठरवलं. पण व्हिव्हियन बोस आणि गुलाम हसन यांनी रझवीचा आक्षेप उचलून धरला. पाचांपैकी कुणीही रझाकार आहे म्हणून त्याला दारातून परत पाठवलं नाही. कलम 14 मध्ये शब्दच 'व्यक्ती' असा आहे, नागरिक असासुद्धा नाही. आजीला हे पटलं नसतं, हे मला ठाऊक आहे. तरी ते बरोबर होतं, असंच मी म्हणेन. ज्या राजवटीत हक्क माणूस पाहून मिळत, तीच तर आपण घालवली होती.

तिसरा गैरसमज थोडक्यात : हक्कासाठी दिल्ली गाठावी लागते. तसं नाही. कलम 226 खाली हायकोर्टही दाद देतं आणि नांदेड-लातूरसाठी त्याचं खंडपीठ 1981 पासून औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात आहे. अटक केलेल्याला, प्रवासाचा वेळ सोडून, 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. केलं नाही, तर त्याच्या वतीने बायको, भाऊ, मित्र कुणीही हायकोर्टात बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे त्याला कोर्टापुढे हजर करा अशी, याचिका करू शकतं.